काळा पडदा

पक्षाघातात मास्तरांची वाचा गेली, ती गेलीच. एक बोट तेवढं हलत राहिलं. त्या बोटाने ते अक्षरं दाबत आणि लॅपटॉप ती बोलून दाखवी. बायकोने काही विचारलं आणि नाही म्हणायचं असलं, तर डोळे मिटत.

लॅपटॉप फारच रडतखडत चालतो म्हणून तिच्या धाकट्या दिराने जुनी सिस्टीम काढून नवी टाकली. तो पळायला लागला. पण अधूनमधून बटण दाबलं की नुसता काळा पडदा. दीर यायचा, एक सेटिंग बदलायचा, म्हणायचा, "झालं वहिनी, आता बघायला नको." की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

ती घरीच कपडे शिवायची. त्या सकाळी सर्दीने नाक चोंदलेलं, तरी इस्त्री चालू होती. मास्तर घशातून घुरघुरले. काहीतरी बोलायचं होतं. तिने घाईने इस्त्री तशीच टेकवली, तिचा प्लग काढून लॅपटॉपचा लावला. काळा पडदा. पुन्हा दाबलं. काळाच.

वर पाहिलं तर मास्तर घामाने डबडबलेले, डोळे विस्फारलेले.

"अहो, छातीत दुखतंय?"

डोळे मिटले.

"डोकं? श्वास लागतोय?"

नाही. नाही. बोट लॅपटॉपकडे वळत होतं, असं तिला वाटलं. दुसरा झटका आला की काय! फोन घ्यायला ती वळली, आणि मागे टेबलावरच्या अस्तराच्या ढिगातून धुराचा लोट उठताना दिसला. तिने मास्तरांच्या उशाचं तांब्याभर पाणी ओतलं, मग बादली.

दीर धावत आला. जळकं टेबल पाहून त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, लॅपटॉपचा प्लग कधी काढता का?"

"इस्त्री करताना. इथे एकच बोर्ड आहे ना."

"तेच. याची बॅटरी तर कधीच गेलीय. आतला बटणाएवढा सेलही मेला असणार. वीज तुटली की हा सेटिंग विसरतो. जुन्या सिस्टीमचं त्यावाचून अडत नव्हतं, नवीचं अडतं. आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

त्याने सेल बदलला. प्लग काढून, लावून, पुन्हा काढून पाहिला. लॅपटॉप दर वेळी सुरू झाला.

दीर गेल्यावर तिने विचारलं, "घाबरलात?"

बोट बराच वेळ चालत राहिलं. मग तो सपाट आवाज आला, "तू विचारत होतीस, दुखतंय का. मी नाही म्हणत होतो. धूर तुझ्या पदराजवळ आला होता."

ती उठली आणि तिने टेबल ओढत समोरच्या भिंतीला नेलं, दोघांनाही दिसेल असं.