ओल्या रॉडचा कठडा

दवाखान्याच्या जिन्याचा कठडा टेम्पोतून परत कारखान्यात आला, तेव्हा वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक म्हातारे गृहस्थ त्याला धरून उतरत होते. जोड तुटला, ते गडगडत खाली गेले आणि मनगट मोडून बसले.

"नशीब, डोकं फुटलं नाही," टेम्पोबरोबर आलेला दवाखान्याचा शिपाई म्हणाला.

"नशिबाचं नाव काढू नका," वहिनी कडाडली. शिपायाने काढता पाय घेतला.

कारखाना सासऱ्यांनी उभा केलेला. वेल्डिंग वहिनीचं, खरेदी धाकट्या दिरांची, टेम्पो नवऱ्याचा. वहिनीची आणि दिरांची जुंपली की नवरा बाहेर जाऊन टेम्पोच्या चाकांतली हवा बघायचा. आज चारही चाकं बघून झाली, शेवटी त्याने स्टेपनीही काढली.

वहिनीने तुटलेल्या जोडावर हातोडा घातला. वरून गुळगुळीत दिसणारा जोड आतून भोकाभोकांचा निघाला.

"बघा, भाऊजी! स्वस्त मिळाले म्हणून उघड्या खोक्यातले वेल्डिंगचे रॉड उचलून आणलेत, आणि ठेवलेत कुठे? पाण्याच्या टाकीशेजारी! ओला रॉड असाच फसफसतो आणि जोडात भोकं पाडतो."

"आणि तो फसफसताना तुम्हाला ऐकू आला नाही?"

"आला! म्हणून तर दुप्पट जाड भरला."

"दुप्पट जाड म्हणजे चौपट रॉड, वहिनी!" भाऊजीही आता पेटले. "मी इकडे चार पैसे वाचवायचे, तुम्ही तिकडे चुलीत घालायचे! पाइपाची जाडी केवढी, तुमचा जोड केवढा? आणि भोकं ती भोकंच. भाताच्या ढिगाने भिंत उभी राहते का?"

वहिनीचा हात हातोड्यावर आवळला. माणूस खरं बोलत होता, आणि नेमका तोच बोलत होता, याचा तिला जास्त राग आला. फसफस ऐकू आली तेव्हाच हात थांबवायला हवा होता. काम उरकायची घाई होती, म्हणून तिने वरून लिंपलं होतं.

"ते खोकं भंगारात टाका," ती म्हणाली. "नवे रॉड बंद पाकिटातले आणा. फोडलेलं पाकीट पत्र्याच्या पेटीत, आत विजेचा दिवा लावून कोरडं ठेवायचं. आणि पाइप स्वस्तातल्या माणसाकडून कापून घ्यायचे नाहीत. ही फट बघा, बोट जातं आत! ती भरायला रॉड काय तुमचे तीर्थरूप देणार?"

"ते तुमचे सासरे," भाऊजी पुटपुटले.

तिला हसू आलं नाही. तिने नवे पाइप स्वतः कापले, टोकं घासून अशी बसवली की मध्ये कागदही शिरू नये. गंज खरवडला. भाऊजींनी तोंड फुगवून पाइप धरला. तिने पाइपाच्या जाडीएवढाच जोड भरला, त्यावर एक थेंब जास्त नाही. रॉड निम्म्याहून कमी लागले. ते दोघांनाही दिसलं. मग दोघं कठड्याला लोंबकळले, नवऱ्यालाही बोलावून लटकवलं. कठडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी कठडा बसवून होतो न होतो, तोच ते गृहस्थ पट्टी बदलून वरच्या मजल्यावरून आले. हात गळ्यात बांधलेला. वहिनी पुढे झाली.

"काका, चूक माझी होती. आता हत्ती टेकला तरी तुटणार नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं.

"मागच्या वेळीही तुम्हीच बसवला होता ना?" ते म्हणाले, आणि चांगला हात भिंतीला लावून, एकेक पायरी चाचपत उतरू लागले.

भाऊजी काही बोलायला गेले.

"एक शब्द काढू नका," वहिनी म्हणाली. काका खाली पोहोचेपर्यंत ती दातओठ खात जिन्यातच उभी राहिली. त्यांनी शेवटपर्यंत भिंत सोडली नाही.