भरीव आणि पोकळ

कंपासरावांनी खुर्ची जराशी उजवीकडे सरकवली. तिच्या चाकाने असा काही आवाज केला की परीक्षेच्या खोलीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. कंपासरावांनी घाईघाईने चष्मा काढला, पुसला आणि जणू तोच किंचाळला होता अशा नजरेने त्याच्याकडे बघून परत नाकावर ठेवला.

पण काम झालं होतं. शेजारचा पडदा आता नीट दिसत होता. आणि त्या पडद्यासमोर बसला होता त्यांचा धाकटा साडू.

कंपनीत डिझाइन विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. साहेबांनी अट घातली होती, कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर आकृत्या काढायची, ही परीक्षा जो पास होईल त्याला खुर्ची. दोघेही पास झाले तर जो जुना त्याला. जुने म्हणजे अर्थात कंपासराव. कॉम्प्युटर यायच्या आधीपासून ते इथे कागदावर कंपास फिरवत होते, नाव तेव्हाच चिकटलं. धाकट्यालाही इथे त्यांनीच चिकटवला होता, बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणून. म्हणजे स्वतः पास झाले की खुर्ची त्यांची. शेजारी डोकावायचं कारणच नव्हतं.

पण साडू म्हटलं की हिशेब इतका सरळ नसतो. धाकट्याने गाडी घेतली तेव्हा कंपासराव आठवडाभर रोज आपली स्कूटर धूत होते. धाकट्याने दाढी वाढवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शोभते हो तुम्हाला." कंपासरावांनी वाढवली तेव्हा म्हणाल्या, "बरं नाहीये का?" नुसतं जिंकून त्यांचं पोट भरणार नव्हतं. धाकटा पडायला हवा होता, आणि तोही सासरेबुवांना ऐकू जाईल असा.

पहिलाच प्रश्न पंपाच्या झाकणाचा होता. आकृती बघून आधी भरीव आकार उभा करायचा, मग तो आतून कोरून पोकळ करायचा, धातू निवडायचा, आणि कॉम्प्युटर जे वजन सांगेल ते चार उत्तरांतून शोधायचं. पुढचे सगळे प्रश्न त्याच झाकणावर. पाया चुकला की पुढचा इमला आडवा.

कंपासरावांचं झाकण झकास जमलं. वजन उत्तरांत सापडलं. त्यांनी खूण केली आणि समाधानाने शेजारी नजर टाकली.

धाकट्याचं वजन जवळजवळ तिप्पट होतं.

याचं जास्त कसं? याचं सगळंच जास्त कसं? त्यांनी मान आणखी लांब केली, आणि मग त्यांना दिसलं. धाकटा झाकण कोरायलाच विसरला होता! झाकण कसलं, नुसता ठोकळा. आणि पेपर काढणारे इतके बेरकी, की विसरभोळ्यांसाठी ठोकळ्याचंही वजन उत्तरांत घालून ठेवलेलं. धाकट्याचा बाण त्याच उत्तराकडे निघाला होता.

कंपासरावांना हसू फुटलं. ओठांनी दाबलं तर ते खांद्यांतून बाहेर पडलं. धाकट्याने वळून पाहिलं. कंपासरावांनी लगेच छताकडे बघितलं, पण चेहऱ्यावरचं हसू काही छतावर गेलं नाही. धाकट्याने दाढी खाजवली आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

'खाजव,' कंपासराव मनात म्हणाले.

पुढचा प्रश्न आला: झाकणाची लांबी वाढवा. कंपासराव आकडा टाकत होते, पण डोळ्यांसमोर सासरेबुवा होते, हातातला पेपर खाली ठेवून 'धाकटे नापास?' असं विचारणारे. एक शून्य जास्त पडलं. झाकण रुळासारखं लांबत गेलं, त्याचा एक कान, म्हणजे बोल्ट बसवायची कडा, तुटून हवेत तरंगू लागला आणि डावीकडची पायऱ्यांची सगळी यादी चुकांच्या खुणांनी लालेलाल झाली. शून्य खोडावं हे त्यांना सुचलंच नाही. ते त्या कानाच्या मागे लागले. एक लाल घालवला की दोन उगवत. ते गोळा करता करता घड्याळच संपलं.

पडद्याने निकाल तिथल्या तिथे सांगितला: नापास. पडद्याला भीडभाड कुठून असणार!

बाहेर ते पाण्याचा पेला हातात धरून उभे होते, तेवढ्यात धाकट्याने मागून येऊन मिठीच मारली. निम्मं पाणी शर्टावर.

"साडूभाऊ! पास! तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"तुम्ही हसलात ना!"

"मी? कधी?"

"अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघून एकदाही हसला नाहीत. मी म्हटलं, साडूभाऊ हसतायत म्हणजे काहीतरी भयंकर चुकलंय. परत बघितलं तर काय, ठोकळा! केवढं मन तुमचं." त्याचा हात खिशात गेला. "थांबा, घरी सांगतो."

फोन सासरी लागला. धाकट्याने तो स्पीकरवर टाकला आणि सगळी हकिगत मीठमसाला लावून सांगितली. पलीकडे सासरेबुवा खाकरले.

"थोरले जावई म्हणजे भरीव माणूस," ते म्हणाले. "आम्हीच ओळखलं नाही."

कंपासरावांनी पेल्यातलं उरलेलं पाणी एका घोटात संपवलं. सासरच्या तोंडून निघालेलं पहिलं कौतुक, आणि परत करायचीही सोय नव्हती. तेवढ्यात माहेरी गेलेल्या त्यांच्या बायकोने फोन घेतला.

"तुम्ही त्याला खूण केलीत? तुम्ही?"

"हो," कंपासराव शर्ट झटकत म्हणाले.

"इकडे या," ती म्हणाली. "मग बोलू."

धाकट्याने फोन खिशात टाकला आणि कंपासरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे, साडूभाऊ. मी येईन. दाराच्या काचेशी उभा राहतो. तुमचं काही चुकलं की हसतो."

कंपासरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

धाकटा मुळीच हसत नव्हता.