शिखराच्या उंचीचा फुगा

सुनेत्राकाकूंच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नव्हती, कारण तिथे बारा वर्षं गणपती राहत होता. दर रविवारी मूर्ती शाळेच्या भाड्याने घेतलेल्या जिममध्ये न्यायची आणि आरती आटोपली की, बास्केटबॉलवाले यायच्या आत, पुन्हा रजईत गुंडाळून घरी आणायची. देवाला असं बिऱ्हाड घेऊन हिंडवायचं काकूंच्या अगदी जिवावर यायचं.

अखेर पिस्कॅटवेजवळच्या एका गावात काकूंच्या मराठी मंडळाला मंदिरासाठी जागा मिळाली, आणि तिथल्या रहिवाशांनी अंगणात पाट्या रोवल्या: ‘आमची गल्ली वाचवा’. शिखर फार उंच आणि गाड्या फार येणार, या त्यांच्या दोन तक्रारी. सगळ्यांत मोठी पाटी जागेसमोरच राहणाऱ्या नोवाकची. चाळीस वर्षं स्कूल बस चालवून रिटायर झालेला हा म्हातारा प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून बसायचा. मंगळवारी बांधकामाला परवानगी देणाऱ्या झोनिंग बोर्डाचं मतदान होतं. परवानगी नाही मिळाली, तर गणपती पुन्हा गॅरेजमध्येच. त्याआधी शनिवारी शिखराच्या उंचीवर एक फुगा सोडून दाखवा, असं बोर्डाने सांगितलं, म्हणजे शेजाऱ्यांना अंदाज येईल.

आता फुगा, दोरी आणि दोन माणसं, एवढंच काम. पण आपली माणसं साधं काम साधं ठेवतील तर शपथ. काकूंनी मंडळाच्या ग्रुपवर बजावलं होतं, "फक्त मी आणि राजीव जाणार. बाकी कुणी येऊ नका, प्लीज." प्रत्येकाला वाटलं, हे बाकीच्यांसाठी आहे. नऊला लाल फुगा वर गेला आणि साडेनऊपर्यंत सत्तर गाड्या आल्या. कुणी नारळ आणला, कुणी शेजारच्या एडिसन गावाहून वड्यांचे ट्रे. हिमानीने तर दोरीलाच हळदकुंकू लावलं.

फुगा झाडांमागे धड दिसतही नव्हता. गाड्या मात्र अख्ख्या गावाला दिसत होत्या.

"राजीव, अरे गर्दीचा पुरावा आपणच ताटात वाढून दिला की रे," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात नोवाकचं दार उघडलं. त्याच्या ड्राइव्हवेवर मंडळातल्या रवींद्रची गाडी आडवी उभी होती. म्हाताऱ्याने अंगात ट्रॅफिकवाल्यांसारखं चमकदार जॅकेट चढवलं होतं आणि गळ्यात शिट्टी होती. काकू माफी मागायला पुढे झाल्या.

"यांच्या प्रमुख तुम्ही?" त्याने विचारलं.

"आज तरी म्हणवत नाही."

"मग बाजूला व्हा."

आणि त्याने शिट्टी फुंकली. गाड्या एकेक करून मंदिराच्या मोकळ्या प्लॉटवर तिरप्या रांगेत लागल्या. चिप कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या रवींद्रला त्याने तीनदा रिव्हर्स घ्यायला लावलं. काम संपल्यावर काकूंनी वडा दिला. तो त्याने खाल्ला, दुसरा मागून घेतला, पण चेहरा तसाच. "मंगळवारी भेटू," म्हणाला. तीन दिवस काकूंना धड जेवण गेलं नाही.

मंगळवारी तो माइकपाशी उभा राहिला.

"फुगा माझ्या खिडकीतून दिसला नाही. मी स्टुलावर चढूनही पाहिलं. आता गाड्या. पार्किंगच्या बाबतीत ही माणसं भयंकर आहेत."

काकूंनी मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

"पण ऐकतात," तो पुढे म्हणाला. "सत्तर गाड्या अकरा मिनिटांत लावल्या मी. आधीच रांगा आखल्या तर आठ मिनिटं लागतील. नकाशा आणलाय." त्याने पेन्सिलीने आखलेला मोठा कागद उलगडला. "माझी पाटी मी काढतो. अट एकच, पार्किंग माझ्या हातात."

पाच विरुद्ध दोन मतांनी परवानगी मिळाली. बाहेर पडताना नोवाकने विचारलं, "रविवारी गाड्या किती?" काकूंनी खरा आकडा निम्मा करून सांगितला. "म्हणजे दुप्पट," म्हणत त्याने वहीत लिहून घेतलं.

"आई, नाउ यू कॅन फायनली पार्क द कार," गाडीत लेक प्रीता म्हणाली. घरी येऊन काकूंनी गॅरेज उघडलं, मूर्तीवरची रजई सारखी केली आणि म्हणाल्या, "बाप्पा, हळूहळू आवरायला घ्या. तुमचं घर होतंय." एवढं बोलल्या आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना. बारा वर्षं घरात राहिलेलं माणूस जायला निघालं होतं.