चेरीच्या मुळाशी खडेमीठ

ईश्वरी धावतच माझ्या दारात आली. शेजारची आठ वर्षांची मुलगी; रोज माझ्याकडे गणिताला येते. आज वही नव्हती.

तिचा बाबा आशुतोष बोटीवर नोकरी करतो. जाण्यापूर्वी त्याने ऐरोलीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या बागेत, सावली बघून, मोठ्या कुंडीत चेरीचं ठेंगणं झाड लावलं होतं. फळांसाठी नव्हे, फुलांसाठी. इथल्या उकाड्यात ते टिकायचं नाही, असं सगळी सोसायटी म्हणाली. त्याने ते ईश्वरीच्या हवाली केलं. रेंज मिळेल त्या संध्याकाळी सातला तो फोन करी आणि आधी झाड बघे, मग तिला. आज त्याचा फोन येणार होता.

ती मला ओढतच त्यांच्या बागेत घेऊन गेली. चेरीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. काय घातलंस, असं मी दोनदा विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मालवणची आजी दरवर्षी माडाच्या मुळाशी मीठ घालते, मग माडाला कसे भरपूर नारळ धरतात. चेरीलाही फुलं यावीत म्हणून हिनेही घातलं.

"मेलं का हो, आजोबा?"

मी एका शेंड्याची साल नखाने खरवडली. तपकिरी. खाली, खोडाजवळ खरवडायला मी तिला सांगितलं. तिसऱ्या प्रयत्नात तिचं नख लागलं. आत बारीक हिरवी रेघ दिसली; म्हणजे खोड अजून जिवंत होतं.

माड खारट वाऱ्यात वाढतो, हे डोंगरातलं झाड आहे, एवढं समजावून मी बादली आणली. कुंडीत पाणी सावकाश ओतायचं, खालच्या भोकातून पूर्ण निथळू द्यायचं, मग पुन्हा. निथळलेलं पाणी मी जिभेला लावून बघत होतो. तिसऱ्या बादलीलाही खारटपणा होताच.

सातला फोन वाजला. ती माझ्यामागे लपली. बाबांना रेंज नाही म्हणून सांगा, असं ती पुटपुटली. मी फोन तिच्या हातात दिला आणि तिच्या बाजूला बसलो.

तिने कॅमेरा झाडाकडे वळवला.

"बाबा, मी मीठ घातलं."

बोटीच्या इंजिनाच्या घरघरीतून आशुतोषचा आवाज आला.

"किती?"

"दोन मुठी. आजी घालते तसं."

"तुझ्या मुठी की आजीच्या?"

तिने मूठ मिटून कॅमेऱ्यासमोर धरली.

"लहान आहे," तो म्हणाला. "पाणी ओतत राहा."

तिने फोन कुंडीच्या काठाला टेकवून ठेवला आणि चौथी बादली उचलली.