टोपी नको म्हणाली धोंडुबाई

मित्रांनो, माझी ओळख मीच करून देते, कारण दुसरं कोणी करून देणार नाही. मी एक दाढ. जोतिबाच्या डोंगरावर नारळ, खोबरं, गुलाल विकणाऱ्या धोंडुबाईच्या खालच्या जबड्यातली, उजव्या बाजूची. ती बावन्न वर्षांची आणि मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान.

माझ्या जन्मापासूनच घोटाळा. दुधाचा एकही दात न पाडता मी गपचूप मागून उगवले, त्यामुळे तिच्या आईला वाटलं, मीही दुधाचीच. "किडली तर किडू दे, पडंलच की," ती म्हणाली. अहो, मी जन्मभराची होते! पण ऐकतं कोण? तिच्या दहाव्या वर्षी मला खड्डा पडला. विसाव्या वर्षी त्यात चांदी भरली आणि मी कामाला लागले.

काम कसलं म्हणाल, तर खोबरं पारखायचं. देवावर गुलाल-खोबरं उधळतात, ते खोबरं वाट्यांची पोती भरून डोंगरावर येतं. व्यापाऱ्यानं पोतं उघडलं की धोंडुबाई मधली एक वाटी काढायची, तुकडा मोडायची आणि माझ्याखाली धरायची. चांगलं वाळलेलं खोबरं कट्ट करून तुटतं. दमट असेल तर दबतं, तुटत नाही. जुनं असेल तर त्याचा पिठासारखा भुगा होतो. हे सगळं मला एका चावण्यात कळायचं. मग ती म्हणायची, "ठेव पोतं," नाहीतर "उचला, पावणं, घेऊन जावा." तिचं खोबरं कधी बुरसलं नाही. कबनूरहून येणारे भाविक तर दुसऱ्या दुकानाकडे बघायचेसुद्धा नाहीत. आणि कौतुक कोणाचं? "धोंडुबाईची जीभ फसत न्हाय!" जीभ! ती नुसती लोळत पडलेली असायची, मित्रांनो. राबायचे मी.

यंदा माझ्या बाहेरच्या भिंतीला बारीक चीर गेली. चावताना काही व्हायचं नाही, पण चावून सोडलं की कळ मस्तकात जायची. चैत्र यात्रेला पंधरा दिवस होते. सून राजनंदिनीनं तिला जवळजवळ ओढतच खाली कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर शिफा वयानं लहान, पण हात हलका. तिनं फोटो काढला, मला आरशातून सगळ्या बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "मावशी, नस जिवंत आहे, हे नशीब. पण ही जुनी चांदी काढली की चारातल्या दोनच भिंती धड राहतात. तिच्या जागी सिमेंट भरलं तर ते मधल्या खड्ड्यात बसणार. भिंतींना बाहेरून धरणार कोण? चावताना त्या फाकणार. वरून कॅप बसवूया. ती चारी बाजूंनी आवळून धरते."

मला इतकं बरं वाटलं! शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूनं बोलत होतं.

"म्हंजे टोपी?" धोंडुबाईनं विचारलं. "आणि ती बसवाय दाढ घासणार?"

"थोडी घासावी लागते. दोनदा यावं लागेल, आठ दिवसांच्या अंतरानं."

"न्हाय बाई. यात्रा तोंडावर आलीया. आणि टोपी घातल्यावर मला खोबरं कसं कळंल? टोपीच चावंल की, दाढ कुठं चावंल!"

"कळतं मावशी. किती जोरानं चावलं, काय चावलं, ते दाढेच्या मुळाशी कळतं. वरून नाही."

"तू शिकलेली हायस पोरी, पर खोबरं मी बघते. सिमेंट भर आणि सोड मला."

मी आतून ओरडत होते. अगं बये, तिचं ऐक! तुझी पारख टोपीनं जाणार नाही, मी गेले की जाईल! पण दाढेला आवाज नसतो, नुसती कळ असते. आणि त्या वेळी इंजेक्शननं तीही बधिर केली होती.

शिफानं सिमेंट भरलं, पण बजावून सांगितलं, "हे तात्पुरतं समजा. या बाजूनं कडक काही चावायचं नाही. यात्रा झाली की लगेच यायचं."

"व्हय, व्हय," धोंडुबाई म्हणाली. तिचं 'व्हय, व्हय' मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी पोती आली. तुकडा माझ्याखाली आला. राजनंदिनी ओरडली, "आत्या, डॉक्टरांनी चावायचं न्हाय म्हटलंय!"

"मी कुठं चावतीया? मी बघतीया," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं चावलं.

यात्रा झाली. शिफाचा फोन आला. "आता दुखत न्हाय की, मग कशाला येऊ?" असं म्हणून धोंडुबाईनं फोन ठेवला. दुखत नव्हतं, कारण सिमेंट नवं होतं. माझी चीर मात्र रोज थोडी खाली सरकत होती. किती चिडले होते मी! पण तिला मागच्या कळेचीही आठवण राहिली नव्हती.

नवरात्राच्या आधी नवा माल आला. खोबरं उत्तम होतं, कडक, एक नंबर. तिनं तुकडा धरला, कट्ट आवाज झाला, आणि त्या वेळी खोबरं नाही, मी तुटले. वरपासून मुळापर्यंत उभी.

शिफानं बघितलं आणि हातातला आरसा खाली ठेवला. "मावशी, आता सिमेंटही नाही आणि कॅपही नाही. चीर मुळात गेलीय. काढावी लागेल."

धोंडुबाई म्हणाली, "यात्रा झाल्यावर आले असते तर?"

"तर वाचली असती," शिफा म्हणाली.

काढल्यावर धोंडुबाईनं मला मागून घेतलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि चंचीत ठेवलं. आज व्यापारी आला, तेव्हा मी तिच्या कमरेलाच होते. तिनं सवयीनं तुकडा उजवीकडे नेला, थांबली, डावीकडे नेला. चावला. परत चावला. मग तोंडातून काढून हातात घेऊन बघत राहिली.

"राजनंदिनी, तू चाव गं," ती म्हणाली. "मला कळंना झालंय."

सुनेनं चावलं. "बरं वाटतंय की, आत्या."

"मग ठेव पोतं," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता.

ते खोबरं दमट होतं, मित्रांनो. सुनेच्या दाताखाली ते तुटलं नाही, दबलं. पुडीतून मला ऐकू आलं. आठ दिवसांत त्याला बुरशी धरेल. पण चंचीतल्या दाढेनं कोणाला सांगायचं? म्हणून तुम्हाला सांगते. दाढेच्या भिंती उभ्या आहेत तोवरच डॉक्टरांकडे जा, आणि दुखायचं थांबलं तरी जा.