भिंतीच्या दोन्ही बाजूंचे मेन स्विच

मशीनलाच वायर नाही म्हटल्यावर शॉक कुठून बसणार, असा माझ्या धाकट्या मेहुण्याचा सवाल होता. सवाल टाकून त्याने ते मशीन खोक्यातून काढलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की त्याच्या लग्नाच्या फोटोंतही ती नजर मला कधी सापडलेली नाही. बॅटरीवर चालणारं कोअर ड्रिल होतं ते. पुढे पोकळ लोखंडी नळा, नळ्याच्या कडेला हिऱ्याचे बारीक दात. साधं ड्रिल भिंत पोखरतं. हे गोल कापत जातं आणि मधला काँक्रीटचा तुकडा लाडवाच्या डब्याएवढा अख्खा काढून हातात देतं.

"वायर मशीनला नाही, भिंतीत आहे," मी म्हणालो.

"भावोजी, तुम्ही पोरांना शिकवता. तुम्हाला सगळीकडे प्रश्नच दिसणार," तो म्हणाला.

भिंतीत वायर होती, हे त्यालाही माहीत होतं. ती कुठे होती, हे फक्त थोरल्या मेहुण्याला माहीत होतं, आणि थोरला भिंतीच्या पलीकडे राहत होता. एकाच घराचे दोन भाग करताना ही भिंत दोघा भावांनी मिळून ओतली होती. काम चालू असेपर्यंत ते सिमेंट-वाळूपुरतं बोलत होते. भिंत सुकली आणि तोही विषय संपला. भांडण कशावरून होतं, हे मी दोघांनाही वेगवेगळं विचारून पाहिलं आहे. उत्तरं ऐकून असं वाटतं, की हे दोघे दोन वेगळ्या माणसांशी भांडले असावेत.

आता धाकट्याच्या सिंकचं पाणी तुंबत होतं आणि गटाराची लाइन होती थोरल्याच्या मोरीतून. थोरल्याने तिकडे पाइप न्यायला भोक पाडायला हरकत घेतली नाही. परवानगी अर्थात आमच्या हिच्यामार्फत आली. आमची ही म्हणजे दोघांची मधली बहीण. जन्मक्रमाने मिळालेली ही जागा तिला आयुष्यभर पुरली आहे.

मशीनबरोबरचं माहितीपत्रक मी मोठ्याने वाचलं. भिंतीत काय आहे ते आधी शोधा. पलीकडच्या बाजूला एक माणूस उभा करा, कारण कापलेला तुकडा तिकडे पडू शकतो. त्या माणसाने थांब म्हटलं की थांबलंच पाहिजे. नळा अडकला तर मशीन हात पिरगाळतं, म्हणून दोन्ही मुठी घट्ट धरा. नळ्याला हात लावण्याआधी बॅटरी काढा. धाकट्याने सगळ्याला मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे मी वर्गात रोज पाहतो.

हिला अंगणातून पलीकडे पाठवलं, वायर कुठे आहे ते विचारायला. थोडा वेळ गेला. ती परत आली आणि म्हणाली, भिंतीत मधे जो खांब आहे ना, त्याच्या डावीकडे.

"कुणाच्या डावीकडे?" मी विचारलं.

ती पुन्हा गेली. या वेळी निरोप आला, की भिंत ओतताना तो जिकडे उभा होता तिकडून डावीकडे. तो कुठे उभा होता? ती तिसऱ्यांदा गेली. थोरल्याला नीट आठवत नव्हतं. तो म्हणाला होता, त्यालाच विचार, बादली तोच आणून देत होता. धाकटा म्हणाला, बादली मी दोन्हीकडे आणत होतो. ही म्हणाली, मला आता माझं डावं कुठलं तेही कळेनासं झालंय, आणि ती स्टुलावर बसली.

तेव्हा ठरलं, की वायर कुठेही असो, वीज बंद करायची. धाकट्याने आपला मेन स्विच पाडला. पण मीटर दोन होते आणि भिंत एक. आतली वायर थोरल्याच्या मीटरवरची असली, तर आमचा अंधार फुकट. थोरल्याकडून निरोप आला, की मीही पाडलाय. मी भिंतीला कान लावला. त्यांचा फ्रिजही गप्प झाला होता. दोन्ही घरं गार पडली. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की दुसरी बॅटरी चार्जरमध्ये आहे आणि चार्जरही गार पडलाय. मशीनमधल्या बॅटरीवर दोन काड्या दिसत होत्या. धाकटा म्हणाला, पुरतील.

त्याने चष्मा लावला, तोंडाला मास्क बांधला, कानांवर ते मोठे आवाजबंद डबे चढवले. मी बाटलीतून नळ्यावर बारीक धार धरायची होती, म्हणजे नळा तापणार नाही आणि धूळ उडणार नाही. पलीकडे मोरीत थोरला उभा, तुकड्यावर नजर ठेवून. अंगणात ही. म्हणजे थांबायचं झालं, तर थोरला हिला सांगणार, ही मला, मी धाकट्याला. व्यवस्था चोख होती. चूक एवढीच, की ड्रिल निरोपाची वाट पाहत नाही.

मशीन घुमू लागलं. खांबाच्या उजवीकडे, म्हणजे आमच्या उजवीकडे, राखाडी चिखल गळू लागला. फरशीवर डबकं झालं. धाकटा त्या डबक्यात गुडघा टेकून बसलेला. मला वाटलं, चाललंय बरं.

पलीकडे काय झालं ते नंतर कळलं. थोरली वहिनी बाजारातून आली. फ्रिज बंद, दिवा बंद, नवरा मोरीत भिंतीकडे टक लावून उभा. तिने पिशव्या ठेवल्या आणि मेन वर केला. मोरीतला दिवा लागला.

थोरल्याने दिव्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. भिंतीतून त्याच्या भावाचं मशीन येत होतं आणि वायर कुठल्या बाजूला हे त्याला आठवत नव्हतं. तो ओरडला, "थांब." इतक्या वर्षांत भावाला उद्देशून उच्चारलेला हा पहिला शब्द. कानावर डबे असल्याने तो भावाला ऐकू गेला नाही. मला गेला. पण तो थोरल्याचा आवाज होता आणि तो भिंतीतून सरळ आला होता. असं कधी होत नसे. मी तो निरोप आहे की काय, या विचारात धार धरून उभा राहिलो.

मग दारातून थोरला आला; आपला मेन पाडावा हे त्याला सुचलंच नव्हतं. अनवाणी, लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरलेला. भिंत झाल्यापासून त्याने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तो धाकट्यामागे येऊन थबकला. खांद्याला हात लावला तर हा दचकेल आणि मशीन हात मोडेल, हे त्याला कळत असावं. तो वळसा घालून भिंतीलगत त्याच्या नजरेसमोर गेला आणि डबक्याच्या कडेला दोन्ही तळवे पुढे करून उभा राहिला, रस्त्यावर गाडी अडवावी तसा. धाकट्याला आधी त्याचे पाय दिसले. त्याने चाप सोडला.

डबे कानांवरून खाली आले.

"लाइट आलीय," थोरला म्हणाला.

"कुठली?"

"माझी. बाहेर ये त्या पाण्यातून."

धाकटा उठला. थोरल्याने पलीकडे हाक मारून मेन पाडायला लावला, धाकट्याने बॅटरी काढली आणि नळा हळूच मागे ओढला. थोरल्याने मोबाइलचा उजेड भोकात मारला. तळाशी, काँक्रीटच्या गोल खाचेत, वायरच्या पाइपावर पांढरा ओरखडा होता. नुसता ओरखडा. दोघेही त्यावर वाकले.

"म्हणजे मी इकडूनच ओतत होतो?" थोरला म्हणाला.

"तिकडून. पलीकडनं हीच डावी येते."

"इकडून. तू बादली इथे ठेवली होतीस."

"तुला काही आठवत नाही, दादा."

"तुला आठवत होतं, तर इथे भोक पाडत कशाला होतास?"

धाकट्याने मशीन ओट्यावर ठेवलं. थोरल्याने फडकं घेतलं आणि मशीनच्या मुठीवरचा चिखल पुसायला लागला. सावकाश, बोटं बसायच्या खाचांतून.

खांबाच्या दुसऱ्या बाजूला नवीन खूण केली. मशीनमध्ये बॅटरी पुन्हा बसवली, तर ती एक घरघर करून संपली. दुसरी भरायची तर वीज लावायला हवी. मग भरेपर्यंत मशीन लांब ठेवायचं, भिंतीला कुणी हात लावायचा नाही, आणि भरली की दोन्ही मेन पुन्हा पाडायचे, या वेळी वहिनींना सांगून. हे सगळं थोरल्याने धाकट्याला सांगितलं. मधे कुणीच नव्हतं. ही एव्हाना अंगणातून येऊन स्टुलावर बसली होती; ती उठली, बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा बसली.

धाकट्याचा मेन वर झाला. चार्जरचा लाल दिवा लागला. दोघे ओट्याला टेकून उभे राहिले. बोलत होते, पण सिमेंटबद्दल की आणखी कशाबद्दल, तेही भांडत की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा धाकटा हसला. एकदा थोरला म्हणाला, "मूर्ख आहेस," पण कुणाला ते नक्की नव्हतं.

बऱ्याच वेळाने दिवा हिरवा झाला. दोघांनीही तो पाहिला. जागचं हललं कुणीच नाही. बॅटरी भरली, हे सांगायला मी घसा खाकरला. पण निरोप द्यायचा कुणाला, हे काही सुचेना.