गोणीतून परत आलेली

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पांढरे पोशाख घातलेली चार माणसं गल्लीच्या तोंडाशी लॉरीतून उतरली. साडेनऊला ती परत चढली तेव्हा गल्लीत एकही पाळीव पक्षी उरलेला नव्हता. निदान नोंद तशी झाली.

जवळच्या पोल्ट्रीत पक्ष्यांचा ताप सापडला होता. आसपासच्या वस्तीत कोंबडी, बदक, कबूतर काहीही जिवंत ठेवायचं नाही, असा हुकूम आदल्या दिवशी निघाला होता. पोल्ट्रीतली दोन माणसं इस्पितळात होती. त्यातल्या एकाला नळीने श्वास दिला जात होता.

चौघांपैकी एक जण त्याच गल्लीतला. पालिकेच्या जनावर विभागात तो पकडण्याचं काम करायचा. मोकाट कुत्री, गटारात अडकलेली मांजरं, एकदा शाळेच्या मैदानात शिरलेला वळू. गल्ली त्याला पकड्या म्हणायची आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. कामगाराला त्याच्या राहत्या गल्लीत पाठवायचं नाही, असा विभागाचा रिवाज होता, पण त्या दिवशी माणसं कमी पडली.

तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे फरशीचं छोटं अंगण, एवढं त्याचं घर. अंगणात बदकी होती. त्याची बायको लाँड्रीत इस्त्रीला होती. तिथल्या बॉयलरवरच्या फळीवर कुणीतरी गंमत म्हणून ठेवलेल्या अंड्यातून ही बदकी निघाली होती आणि डोळे उघडल्याबरोबर बायकोला आई समजून बसली होती. घरात आल्यावर ती रोज सगळ्या खोल्यांची पाहणी करायची, काही पसंत पडलं नाही की मान झटकून निघून जायची. म्हणून तिचं नाव बाईसाहेब.

तिला लपवायचं, हे नवराबायकोने रात्रीच ठरवलं होतं. हट्ट बायकोचा होता. तो आधी नाही म्हणाला, मग गप्प बसला आणि मग कसं करायचं ते त्यानेच सांगितलं.

"हे माझंच घर," तो दाराशी मुकादमाला म्हणाला. "मी करतो."

"कर. पण पटापट. रडारड नको."

मुकादम दारातच उभा राहिला, त्यामुळे पकडणं खरंखुरं करावं लागलं. पांढरा पोशाख, मास्क आणि चष्मा बघून बदकी भिंतीला चिकटली. पकड्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शू, शू. बाईसाहेब, मीच आहे."

आवाज ओळखून ती थांबली. मान उंचावून दोन पावलं पुढेही आली. त्याने एका हाताच्या पंज्यात तिचे दोन्ही पंख आवळले, दुसऱ्या हाताने डोकं झाकलं आणि तिला डोक्याकडून गोणीत घातलं.

चूक तिथे झाली. तो तोंड मिटून राहिला असता, तर तिच्या लक्षात पांढरा पोशाख राहिला असता. आता आवाज राहिला.

स्वयंपाकघरात बायकोने दुसरी गोणी तयार ठेवली होती. तिच्यात ओल्या चादरी होत्या. ती गोणी त्याने लॉरीत टाकली आणि पुढे पक्षी पुरायच्या खड्ड्यातही स्वतःच्या हाताने ढकलली. खरी गोणी ओट्याखाली बादल्यांच्या मागे होती. मुकादम पुढच्या घराकडे वळेपर्यंत ती हलत होती. मग हलायची थांबली.

दुपारी तो आंघोळ करून, घरचे कपडे घालून परतला. बदकी बाथरूममध्ये होती. तिचा डावा पंख थोडा लोंबत होता, पण ती जिवंत होती.

"काय म्हणतायत बाईसाहेब?" त्याने दारातूनच विचारलं.

आतून जो आवाज आला, त्याने बायकोच्या हातातलं भांडं पडलं. नर बदक घोगरं, दबकं बोलतं. मादीचा आवाज दोन गल्ल्यांना ऐकू जातो. बदकी भिंतीवर आपटत होती, पाण्याचा टब उलटा झाला होता आणि ओरडणं थांबत नव्हतं. बायकोने आत जाऊन दार लावलं, नळ पूर्ण सोडला आणि गाणं म्हणावं तशी मोठमोठ्याने बडबड करत राहिली.

बाहेर आली तेव्हा ती नखशिखांत भिजलेली होती. "तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "घरात एक शब्द बोलू नका."

त्याने मान हलवली. दुसरी फेरी कशी असते, हे तिच्यापेक्षा त्याला जास्त माहीत होतं. आठवडाभरात साध्या कपड्यातली माणसं गल्लीतून नुसती चालत जातात. त्या फेरीत बघायचं नसतं, ऐकायचं असतं. बदकी ओरडली की संपलं. बदकी जाणार, त्याची नोकरी जाणार, शिवाय गुन्हा नोंदला जाणार. त्याच्या आवाजाची भीती तिच्या मनातून काढायची किंवा कायमचं मुकं व्हायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

तो हातवाऱ्यांनी मीठ मागू लागला. बायको दोनदा मुद्दाम साखर देऊन मोकळी झाली. "लग्नात मिळायला हवी होती ही शांतता," ती म्हणाली. "बाईसाहेबांनी आणून दिली." तो हसला, तेही आवाज न करता.

कामावरून निघताना तो दोनदा साबण लावायचा, कारण औषधाचा वास अंगाला धरून राहतो. घरी आल्यावर बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसायचा. बदकीकडे पाठ, हात मांडीवर, तळवे वर. शेजारी भिजवलेल्या दाण्यांची वाटी. पहिल्यांदा ती कोपऱ्यातून हललीच नाही. नंतर वाटी मागे सरकवली की खायची. त्याचा हात जरा हलला की चोच मिटून भिंतीला लागायची. पिसाळलेली कुत्री त्याने हाताळली होती. पण त्यांच्याकडून त्याला काही नको असायचं.

"मास्क लाव तू तरी," त्याने पाटीवर लिहून बायकोला दाखवलं.

"तोंड झाकलेला माणूस तिने एकदा पाहिलाय. बास झालं."

शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मावशी खाली आली. एकटी बाई. तिच्या गच्चीतल्या चार कोंबड्या त्याच सकाळी गेल्या होत्या, पकड्याच्याच हाताने. बायकोने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मला आवाज येतो," मावशी म्हणाली.

"कसला गं, मावशी?"

"तुला नाही विचारलं. ह्याला विचारते." ती पकड्यासमोर येऊन उभी राहिली. "मंगळवारी दुपारी. नळ सोडला होतात तुम्ही. इतकी म्हातारी नाही झाले मी."

बाथरूमचं दार चार हातांवर होतं. पकड्याने तोंड उघडलं असतं, तर उत्तर बदकीनेच दिलं असतं. तो जमिनीकडे बघत राहिला.

"बोल की रे. तांबडीला नेताना तर बोलत होतास. म्हणालास, मावशी, नियम सगळ्यांना सारखा."

"त्यांचा घसा बसलाय, मावशी," बायको मध्ये पडली.

"घसा? लाज म्हण." मावशीचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता. "सारखा असेल तर सारखा असू दे. नाहीतर मी जाऊन विचारते कुठे विचारायचं ते."

ती जिना चढून गेली. पकड्या तिथेच उभा होता. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने तो काढला आणि बाथरूममध्ये जाऊन बादलीवर बसला.

शनिवारी बदकीने त्याच्या तळहातावरचा एक दाणा उचलला. मग मागे सरली. पुन्हा आली. बायको दाराच्या फटीतून बघत होती. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

रविवारी दुपारी तो आत गेला तेव्हा बदकी कोपऱ्यात नव्हती. दाराजवळच बसली होती. तो बादलीवर बसल्यावर ती हळूहळू उठली, त्याच्या पावलावर चढली आणि मान त्याच्या घोट्याला टेकवून बसून राहिली. पूर्वी ती अशीच बसायची. बराच वेळ त्याने श्वासही जपून घेतला. मग अगदी हळू म्हणाला, "बाईसाहेब."

ती ओरडली नाही.

"आली!" बायको दारात हसत-रडत उभी होती. "अहो, आली! म्हणत होते ना मी, ती डूख धरणाऱ्यातली नाही. बोला अजून, बोला ना."

त्याने वाकून बदकीच्या पाठीवर बोट टेकवलं. तिने अंग चोरलं नाही. मग त्याने दोन्ही हात पुढे आणले, मंगळवारी आणले होते तसेच, एक पंखांवर आणि एक डोक्यावर.

"काय करताय?" बायकोचं हसू थांबलं.

हातांखाली बदकी तशीच बसून होती. डोळे अर्धे मिटलेले.

"घाबर गं," तो म्हणाला. "घाबर ना."

"असं काय बोलता तिला?"

"खुराड्यात शिरल्यावर आम्ही पहिलं काय बघतो, माहितीये?" त्याने हात काढले आणि स्वतःच्या पँटला पुसले. "कोण पळत नाही ते."

बायकोचा पारा चढला. "तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही. पाच दिवस जीव टाकलात तिच्यावर. ती माफ करतेय तर तेही नको. काल दाणा खाल्ला, आज पायाशी आली. ह्याला आजार म्हणतात?"

"म्हणत नाही. तपासायला हवं म्हणतो."

"तपासलं की काय करतात, ते मीही पाहिलंय."

"तू बाहेर हो. हात धू. कोपरापर्यंत."

"नाही होत."

"माझं ऐक," तो ओरडला. बंद घरात पाच दिवसांनी निघालेला तो मोठा आवाज दोघांनाही दचकवून गेला. बदकीने फक्त मान वळवली.

बायको बाहेर गेली.

त्याने कपाटातून मास्क आणि हातमोजे काढून घातले. बदकीच्या घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतला. तिने चोच उघडू दिली. काडी कामावरच्या नमुन्याच्या नळीत घालून त्याने मुकादमाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, चादरींच्या गोणीसकट.

"गाढवा," मुकादम म्हणाला. "बायको कशी आहे?"

"बरी आहे."

"ताप?"

"नाही."

"नमुना पाठव. अहवाल येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, दोघांनीही. तुझं काय करायचं ते वरचे ठरवतील." मग आवाज खाली आणून, "आत्ताच माणूस पाठवू का? तुला जमणार नाही ते."

"अहवाल येऊ दे," पकड्या म्हणाला.

संध्याकाळी विभागाचा माणूस उंबऱ्यावरून नळी घेऊन गेला आणि दाराला पिवळी पट्टी लावली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. मावशी तिथे उभी होती. तिने खिडकी बंद केली नाही.

सोमवारी सकाळी बायकोचा घसा धरला होता. लाँड्रीच्या वाफेने तो नेहमीच धरतो, असं ती म्हणाली. त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, पण त्याचाच हात गरम होता की तिचं कपाळ, हे त्याला कळलं नाही. थर्मामीटर आणायला जायची मुभा नव्हती. तो फोनवरून मागवला आणि वाट पाहत राहिला.

दुपारी तो बाथरूममध्ये गेला. बदकी टबाजवळ बसली होती. त्याने हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. वाटीतले दाणे संपले होते. बदकीने खाल्ले की ती खातेय असं दिसावं म्हणून बायकोने बाहेर फेकले, हे त्याने विचारलं नाही. तीन वाजेपर्यंत अहवाल आलेला नव्हता.